माळकऱ्याचा रस्सा

गेल्या संक्रांतीला पुण्याहून भाची आली ती पिशवीत गाजरं घेऊनच. भोगीच्या भाजीत पडतात ती आपल्याकडची लाल, निमुळती गाजरं नव्हेत. केशरी, जाड, वरपासून खालपर्यंत एकाच घेराची. वर्षभरापूर्वी तिनं मांस-मच्छी सोडली, मागोमाग दूध-दहीही सोडलं. तिला गाजराचा हॉट डॉग करायचा होता. अंबाजोगाईत मी बावीस वर्षं मेस चालवली, हजारो पोळ्या लाटल्या, पण गाजराला पावात निजवायचा प्रसंग माझ्यावर आला नव्हता.

कृती सोपी निघाली. गाजरं सोलून पावाच्या लांबीची कापायची, कडा तासून गोल करायच्या. सुरी जरा अडत आत जाईल इतपतच वाफवायची. मऊ पडली तर सगळा खेळ संपला. मग सोया सॉस, व्हिनेगर, ठेचलेला लसूण, तिखट, मोहरीपूड आणि गुळाचा खडा घातलेल्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवायची. सकाळी तव्यावर तेल टाकून चारी अंगांनी खरपूस करायची. तिच्याकडच्या कृतीत बाटलीतला धूर घाला असं होतं. तो आमच्या गावात कुठून मिळणार? मी पातेल्यात वाटी ठेवून तिच्यात निखारा टाकला, वर तेलाचे चार थेंब सोडले आणि झाकण घातलं. मटणाला धुंगार देतात तसाच. बेकरीवाल्याला सांगून लांबट पाव आणवले होते. मोहरीची चटणी, वरून कच्चा कांदा.

आईचं वय चौऱ्याऐंशी. दात नाहीत. तिनं हिरड्यांनी तुकडा चावला, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "बरं लागतंय की. पण काय करायलाव गं तुम्ही? मासवडी पावात घातली काय?"

भाची हसली. मला मात्र हसू आलं नाही. आईच्या बोलण्यात एक अख्खा धागा होता आणि तो ओढल्याशिवाय मला चैन पडेना. २०२० च्या टाळेबंदीत मेस बंद झाली ती पुन्हा सुरू केली नाही. तेव्हापासून ग्रंथालयातून आणून आणून जे वाचतेय, त्याला पहिल्यांदाच नेमका प्रश्न मिळाला होता. मांस न खाणाऱ्याला मांसासारखं काहीतरी करून घालायचं, हे आपल्या भागात कोणी, कधी आणि कशासाठी सुरू केलं?

आधी मासवडीविषयी. माझं आजोळ आष्टी तालुक्यातलं, सीना नदीच्या अलीकडचं. नदी ओलांडली की नगर जिल्हा. जुन्नर-आंबेगावापासून संगमनेर-पारनेरपर्यंत मासवडी घरोघर होते आणि त्याच वाऱ्यानं ती आमच्या आष्टीत आलेली. परळी-अंबाजोगाईकडे तिची एवढी मातब्बरी नाही. इकडे पाटवडी आणि हुलग्याचे शेंगोळे.

आजी मासवडी करायची ती अशी. वाटीभर बेसनाला दोन वाट्या पाणी. पाण्याला लसूण-जिऱ्याची फोडणी, हळद, मीठ, तिखट. पाणी खळखळलं की बेसन वैरायचं आणि लाकडी हाट्यानं घोटत राहायचं. गुठळी राहिली की वडी फुटणार. पीठ भांड्याच्या कडा सोडू लागलं की ओल्या फडक्यावर थापायचं, हाताला पाणी लावून, चटके सोसत, कारण गार झालं की ते वळत नाही. त्यावर भाजलेले तीळ, किसून भाजलेलं खोबरं, तळलेला कांदा, लसूण, खसखस, कोथिंबीर यांचं सारण पसरायचं. मग हातानं नव्हे, फडक्याच्या टोकाला धरून गुंडाळी करायची, शिवण दाबायची आणि वरची कड चिमटीनं उभी करायची. लांबट, पोटाशी फुगीर, पाठीशी धारदार. तिचे तिरके काप करून ताटात मांडले की नदीच्या माशाचे तुकडेच. बाजूला वाटीत तर्रीचा रस्सा.

नावाबद्दल दोन तट आहेत. काहीजण 'मांसवडी' म्हणतात आणि मधला अनुस्वार झिजला असं सांगतात. मला मासाच पटतो. वरची ती चिमटीची धार काढायला वेळ जातो, तिच्यानं चवीत काडीचा फरक पडत नाही. ती धार माशाच्या पाठीसाठीच आहे. बाई उगाच राबत नाही.

आता हॉट डॉगकडे. त्याच्या पोटात असतं ते सॉसेज. सॉसेज म्हणजे काय, तर जनावर कापल्यावर उरलेलं बारीकसारीक मांस आणि चरबी कुटून, मीठ-मसाला लावून धुतलेल्या आतड्यात भरायचं. काही वाया जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिथलं शास्त्र. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी ते पावात घालून रस्त्यावर विकलं. गोव्याची चोरीस याच जातीची, पोर्तुगीजांकडून आलेली. म्हणजे ही परदेशी गोष्ट, असं मीही समजत होते.

मग माझ्या हाती 'मानसोल्लास' आला. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर, भूलोकमल्ल, यानं ११३० च्या सुमाराला हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आमच्या पलीकडच्या बिदर जिल्ह्यात. हा आमचा मुलूख तेव्हा त्याच राज्यात होता. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी तो संपादित केला, पहिला भाग १९२५ चा, दुसरा १९३९ चा. दुसऱ्या भागात 'अन्नभोग' नावाचं प्रकरण आहे. माझं संस्कृत शाळेपुरतं. एका निवृत्त शास्त्रीबुवांकडे चार महिने दुपारी बसून मी ते समजून घेतलं. बुवा पक्के शाकाहारी. मांसाचे श्लोक आले की ते डोळे मिटून अर्थ सांगत.

त्या प्रकरणात राजाच्या ताटातलं काय नाही? डाळीच्या पिठाचे धिरडीवजा प्रकार आहेत, वडे आहेत, पुऱ्या आहेत. आणि त्याच बैठकीत 'मंडलिया' आहे: जनावराची आतडी स्वच्छ धुऊन, आत मज्जा आणि मसाला भरून निखाऱ्यावर भाजलेली. म्हणजे सॉसेजच की. जनावराचं रक्त घालून केलेले पदार्थ आहेत. कुटलेलं मांस वांग्यात भरून तळलं आहे. नदीकाठच्या उंदरांचीही कृती आहे. त्या दिवशी बुवांनी पुस्तक मिटलं आणि चहा मागवला.

माझं लक्ष त्या वांग्यात अडकलं. राजाच्या स्वयंपाकघरात भाजी हे वेष्टण होतं आणि आत मांस. आज भरल्या वांग्यात आम्ही दाण्याचं कूट, तीळ, खोबरं भरतो. वांगं तेच, पोटातलं बदललं. मासवडीत तर वेष्टणही डाळीचं आणि पोटातलंही शाकाहारी. मांसाचं राहिलं ते फक्त रूप. हा बदल एका रात्रीत झाला नाही, आणि सरळ रेषेत तर मुळीच नाही. ज्या लाल तर्रीशिवाय मासवडी आम्हाला सुचत नाही, तिच्यातली मिरची आणि वांग्यातला शेंगदाणा हे दोन्ही अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या काळानंतर आले. सोमेश्वराच्या भटारखान्यात तिखटपणा मिऱ्याचा होता. तेव्हा आपली मासवडी 'हजारो वर्षांची' वगैरे म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

छापील पुस्तकांत शोधावं म्हटलं तर तीही शहराची. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' पुण्यात १८७५ साली छापलं गेलं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० मधलं, मुंबईचं. बीड तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. आमच्या चुलीवरचं कोण लिहून ठेवणार? म्हणून मग मी म्हाताऱ्या बायांकडे गेले. आष्टी, पाटोदा, शिरूर, केज या तालुक्यांत वर्षभर फिरले. बऱ्याच जणींनी आधी 'ही बाई बचतगटाचं काही विकायला आलीय' असं समजून पाणीच तेवढं दिलं. मग बोलू लागल्या.

त्यांनी सांगितलेलं एका ठिकाणी येऊन मिळालं: माळ. तुळशीची माळ गळ्यात पडली की मांस सुटलं. पण माळ घरातल्या सगळ्यांच्या गळ्यात एकदम पडत नाही. आजी पंढरीला जाऊन माळ घालून येते, आजोबांना आखाडात बोकडाचं मटण लागतंच. थोरला माळकरी, धाकटा नाही. आमच्या जिल्ह्यात हे विसाव्या शतकात फार मोठ्या प्रमाणावर झालं. पाटोदा तालुक्यातल्या सावरगावचे भगवानबाबा, १८९६ ते १९६५ हा त्यांचा काळ, गावोगाव सप्ताह लावत, शिकायला सांगत, माळ घालायला आणि मांस सोडायला सांगत. ऊसतोडीला जाणारी गावंच्या गावं त्यांच्या शब्दावर चालली. पण चूल एकच होती, आणि तिच्याभोवती बसणारी माणसं दोन तऱ्हेची झाली.

अशा घरात पोळ्याच्या करीला, जत्रेला, दर्ग्यावरच्या कंदुरीला काय व्हायचं? मटण बाहेर अंगणात, तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. आत माळकऱ्यांसाठी दुसरं पातेलं. पण वाटण एकच! कांदा-खोबरं चुलीत भाजून पाट्यावर वाटलेलं, त्यात काळा मसाला, येसर. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, येसर म्हणजे गहू, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे, खडा मसाला भाजून दळलेलं पीठ. आमच्या लग्नातली आमटी त्याच्याशिवाय होत नाही. वाटणाचे दोन गोळे करायचे. एक बाहेर जायचा, एक आत राहायचा. आतल्या रश्शात पाटवडी, नाहीतर शेंगोळे, आष्टीकडे मासवडी. भाकरी कुस्करून, वर रस्सा ओतून, दोन्हीकडची माणसं एकाच ओट्यावर, थोडं अंतर राखून जेवायची. वास एक, रंग एक, नाकातून येणारं पाणी एक.

पाटोद्याच्या एका आजीनं मला हे फार चांगलं सांगितलं. मी विचारलं, "माळ घातल्यावर मटणाची आठवण यायची का?" ती म्हणाली, "मटणाची कशाची? रश्शाची यायची. आन् सगळे ओरपायलेत, आपण दहीभात खायलोत, त्याची लाज वाटायची."

मला वाटतं मर्म इथं आहे. नक्कल मटणाची नव्हतीच, रश्शाची होती; आणि रश्शाच्या मिषानं पंगतीत बसण्याची. मासवडी चावून कुणाला मासा वाटत नाही आणि तशी कुणाची अपेक्षाही नसते. हुलग्याचा शेंगोळा बोटाएवढा वळून वेटोळं करतात, रश्शात शिजतो, तोंडात हुलग्यासारखाच लागतो. जिभेला फसवायचं नव्हतं.

पाश्चात्त्यांकडे वाट वेगळी. तिकडे सुरुवात तुकड्यापासून झाली: तो मांसासारखा चावला गेला पाहिजे. अमेरिकेत बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात डॉक्टर केलॉग यांनी १८९० च्या दशकात शेंगदाण्यापासून 'नटोज' नावाचं डबाबंद मांस काढलं. ते त्यांच्या पंथाच्या पथ्यापाण्यासाठी होतं. जर्मनीत कारण होतं भूक. पहिल्या महायुद्धात कोलोन शहराचे महापौर कॉनराड आडेनावर यांनी सोयाबीनचं पीठ घालून सॉसेज बनवलं. जर्मनीत त्यांना त्याचा हक्क नोंदवता आला नाही, कारण तिथल्या नियमाप्रमाणे मांस नसलेल्याला सॉसेज म्हणता येत नव्हतं. शेवटी १९१८ साली, युद्ध चालू असताना, शत्रुराष्ट्र ब्रिटननं ते पेटंट दिलं. हेच गृहस्थ पुढे १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर झाले. नावावरून भांडणं तेव्हाचीच आहेत म्हणायची.

सोयाबीनची गोष्ट आपल्याकडेही त्याच सुमारास सुरू झाली, आणि तिच्यात मराठी माणूस आहे. बडोदा संस्थानात एफ. एस. काळे यांनी १९३६ साली सोयाबीनवर इंग्रजीत जाडजूड पुस्तक लिहिलं, तीनशे पाककृतींसह. त्याच्या आदल्या वर्षी गांधीजी 'हरिजन'मध्ये सोयाबीनवर लिहीत होते आणि वर्ध्याच्या मगनवाडीत आश्रमीयांच्या जेवणात त्याचा प्रयोग चालला होता. आश्रमात ते गरिबाचं सकस अन्न म्हणून शिजलं, मांसाची नक्कल म्हणून नव्हे. तरी ते रुजलं नाही. घरच्या चुलीवर सोयाबीन शिजता शिजत नाही आणि त्याचा उग्र वास जात नाही, हे मी स्वतः करून पाहिलंय.

रुजलं ते कारखान्यातून. सोयाबीनचं तेल काढल्यावर जे पीठ उरतं, ते दाबानं आणि उष्णतेनं यंत्राच्या छिद्रातून बाहेर काढलं की फुगतं आणि त्याला धागे सुटतात. तीच आपली सोयावडी. उरलेल्याचं मोल करायचं हे शास्त्र पुन्हा सॉसेजचंच. गेल्या तीसेक वर्षांत आमच्या ज्वारीच्या आणि कापसाच्या रानात सोयाबीन इतकं पसरलं की लातूरच्या बाजारात काय भाव फुटला हे आता शेंबडं पोरही सांगतं. पण गंमत अशी, सोयाबीन रानातून जातं पोत्यात आणि परत येतं पुडीत. शेतकऱ्याच्या घरात त्याची वडी दुकानातूनच येते.

सोयावडी सर्वांत जास्त शिजताना मी पाहिली ती ऊसतोडीच्या कोपीवर. दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातून कोयते निघतात, पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे. नात्यातल्या एका कुटुंबाबरोबर मी आठ दिवस राहिले होते. पहाटे तीनला उठून भाकरी, दिवसभर फड, रात्री पुन्हा चूल. आठवड्याच्या बाजारात कधी मटण परवडलं तर परवडलं, एरवी वडी. गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळायची, तेलात लसणावर परतायची आणि मग येसराचा रस्सा. १०० ग्रॅम कोरड्या वडीत ५० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, बेसनात २० च्या आसपास. भाचीच्या गाजरात जेमतेम १. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला. पण मेसवालीला ताटात काय जातंय ते पाहावंच लागतं. कोयता मारणाऱ्या बाईला गाजराचा हॉट डॉग घालून कसं चालेल? भाचीला म्हटलं, करायचाच तर उकडलेला राजमा किंवा चवळी कुस्करून, त्यात बेसन, थोडा गव्हाचा चीक, बीट रंगापुरतं, लसूण, धने असं मळून, केळीच्या पानात नळकांडी वळून वाफव. चीक त्याला धरून ठेवतो, वाफेनं बेसन बसतं. तो दुसऱ्या दिवशी झाला आणि खरोखर सुरेख झाला.

इथवर लिहिलं असतं तरी लेख झाला असता. पण मेसमधली एक गोष्ट बाजूला ठेवून मला हे लिहिता येत नाही.

माझ्या मेसमध्ये वैद्यकीय कॉलेजची मुलं यायची. बुधवारी मी सोयावडीचा रस्सा करायचे आणि दारातल्या फळ्यावर खडूनं लिहायचे, 'आज शाकाहारी मटण'. धारूरकडचा एक मुलगा होता, अभ्यासात हुशार, जेवताना न बोलणारा. एका बुधवारी हात धुताना फळ्याकडे बघत तो म्हणाला, "मावशी, आमच्याकडं खऱ्याचं नाव घ्यायची चोरी, आन् तुम्ही खोट्याचं फळ्यावर लिहिता."

मी हसून नेलं. त्याच्या आदल्याच महिन्यात त्यानं घरून डबा आणला होता, वजरीचा, आणि मी त्याला तो आत बसून खाऊ दिला नव्हता. 'वास सुटतो, बाकीची पोरं कुरकुर करतील' असं म्हणाले होते. रविवारी माझ्याच मेसमध्ये मटण शिजत होतं. त्याला वास नव्हता काय?

पुढे कित्येक वर्षांनी शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' वाचलं. २०१५ चं पुस्तक. २०२४ मध्ये ते इंग्रजीतही गेलं. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांत काय शिजायचं, जनावराच्या कोणत्या भागाचं काय व्हायचं, हे त्यांनी नावानिशी लिहिलं आहे. त्यात चान्या आहेत: मांसाच्या लांब पट्ट्या कापून उन्हात वाळवलेल्या, पुढच्या दिवसांची बेगमी. ते वाचताना मला आमच्या माळवदावरचे सांडगे दिसले. ऊन एकच, चैत्र एकच. वेशीच्या आत सांडगे वाळायचे, वेशीबाहेर चान्या. सांडग्यांच्या कृती प्रत्येक पाकपुस्तकात आहेत. आणि सोमेश्वराच्या मंडलियेला तर श्लोक आहेत! राजाच्या ताटात आतडं आलं तर तो भोग, आणि गावाबाहेर शिजलं तर वास.

पाटोळ्यांच्या पुस्तकानंतर मी पुन्हा फिरले, या वेळी वेशीबाहेरच्या घरांत. तिथं मला दुसरा त्याग कळला. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं सांगितलं. ती हाक निजामाच्या राज्यातही पोहोचली, कुठे लवकर, कुठे उशिरा. घरंच्या घरं ते सोडून बसली, स्वाभिमानासाठी. म्हणजे एकाच जिल्ह्यात, पुढेमागे, दोन ठिकाणी मांस सुटत होतं. एकीकडे माळेसाठी, एकीकडे माणूस म्हणून ताठ उभं राहण्यासाठी. पहिल्या घरात बेसन होतं, तीळ होते, खोबरं होतं, तेल होतं. तिथं मासवडी झाली. दुसरीकडे काय झालं? केज तालुक्यातल्या एका आजीला मी विचारलं, सोडल्यावर बदल्यात काय आलं हो? ती माझ्याकडे बघतच राहिली. "बदल्यात? बदल्यात मिरचीचं पाणी आलं, बाई. त्यात भाकर."

१९७२ च्या दुष्काळात मिलो ज्वारी आणि सुकडी सगळ्यांनीच खाल्ली, तेव्हा काही दिवस ताटं सारखी झाली होती, असंही ती म्हणाली. २०१५ च्या कायद्यानं राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि चान्या आता बोलण्यापुरत्याच राहिल्या. तिच्या नातवाच्या घरी रविवारी सोयावडी होते.

हा लेख लिहायला घेण्याआधी मी त्या धारूरच्या मुलाला फोन केला. आता तो डॉक्टर आहे, एका ग्रामीण रुग्णालयात. तुझं ते फळ्यावरचं वाक्य छापू का, असं विचारलं, आणि डब्याबद्दल जे बोलायचं राहिलं होतं तेही बोलले. थोडा वेळ पलीकडून काही आलं नाही. मग म्हणाला, "छापा की मावशी. नाव नका घालू. पण मासवडीची एवढी कृती देणार, तर वजरीचीही द्या. माझ्या आईशी बोला."

त्यांनी सांगितली ती अशी. वजरी आधी गार पाण्यात तीन-चारदा धुवायची. मग कढत पाण्यात बुडवून, चुन्याचं बोट लावून सुरीच्या पाठीनं खरवडायची, काळं साल निघून पांढरीफेक दिसेपर्यंत. इथं आळस केला की वास राहतो, आणि मग लोक वजरीला नावं ठेवतात. बोटभर तुकडे करून हळद-मीठ घालून शिजवायची. चुलीवर दोन-अडीच तास, कुकरला सात-आठ शिट्ट्या. पाणी टाकायचं नाही, तोच रस्सा. कांदा तेलात लाल करायचा, भरपूर लसूण, भाजलेलं खोबरं वाटून, वरून येसर. बाजरीची भाकरी.

"येसरात गहू घालता की ज्वारी?" मी विचारलं.

"गहूच. आन् डाळ जरा जास्त," त्या म्हणाल्या. आमच्यासारखंच. मग जरा थांबून, "ताई, तेवढं ते मासवडीचं सांगा बरं. धाकट्या सुनेनं आवंदा माळ घातलीय. आम्ही सगळे जेवायलो की ती कोपऱ्यात बसती."

"वाटीभर बेसनाला दोन वाट्या पाणी घ्या," मी सांगायला लागले.